‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाच्या तक्रारी : घरी काय सांभाळायचं आणि कुठे वेळ घालवायचा नाही

आपल्याकडे पोटाच्या बहुतेक तक्रारींना एकच नाव आहे. जळजळलं तर पित्त, मळमळलं तर पित्त, डोकं धरलं तरी पित्तच. मग कोणी कोकमाचं सरबत घेतं, कोणी ओव्याची चिमूट तोंडात टाकतं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर गावातल्या दवाखान्यात जाऊन “डॉक्टर, एक सुई मारा” म्हणतं. पुष्कळदा बरंही वाटतं. पण ज्यांच्या जठरावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्या बाबतीत हा एक शब्द जिवावर बेतू शकतो. त्यांच्या पोटाची रचनाच बदललेली असते. त्यामुळे दुखण्याचा अर्थ बदलतो, आणि त्या सुईचा परिणामही.

ही शस्त्रक्रिया, म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी, मराठी घरांना आता अनोळखी राहिलेली नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना त्यांनी मुंबईत ती करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले अनेक जण त्यासाठी पुण्या-मुंबईला जातात. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, त्यामुळे दोन-चार दिवसांत माणूस घरी येतो. पुढे सर्जन राहतात सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, आणि पोट दुखायला लागतं ते आटपाडीत, पाटणच्या डोंगरात किंवा जतच्या एखाद्या वस्तीवर, रात्री दोन वाजता. त्या रात्री घरात कोणाला तरी नेमकं काय करायचं ते ठाऊक असावं, यासाठी हा लेख.

कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतल्या मृत्यूचं प्रमाण हजारात सुमारे एक ते तीन इतकं कमी आहे. कित्येकांचा मधुमेह आटोक्यात येतो, रक्तदाब उतरतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. पण नव्या पोटाला नवी शिस्त लागते, आणि ती आयुष्यभराची असते. हे डिस्चार्जच्या गडबडीत नीट सांगितलं जात नाही, सांगितलं तरी लक्षात राहत नाही.

आत नेमकं काय बदललं?

आपली शस्त्रक्रिया कोणती, हे स्वतःला आणि घरातल्या दोघांना तरी पाठ हवं. “वजनाचं ऑपरेशन झालंय” एवढं सांगून डॉक्टरांना पुरेसा अंदाज येत नाही. आपल्याकडे प्रामुख्यानं तीन प्रकार होतात.

स्लीव्ह : जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरतं ते केळ्यासारखं लांबट, अरुंद जठर. त्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावतं. आतड्यात बदल करत नाहीत.

बायपास : जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढी पिशवी तयार करतात आणि लहान आतडं कापून तिला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग पोटातच राहतो, पण अन्न तिथून जात नाही.

मिनी बायपास : जठराची लांबट पिशवी करून ती आतड्याला एकाच ठिकाणी जोडतात. अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ही पद्धत सुरू केली. भारतात ती बरीच रुजली.

स्लीव्हमध्ये आतड्याची वाट तीच राहते, पण जठर अरुंद होतं, त्यामुळे तिथे आम्लाची जळजळ अधिक. दोन्ही बायपासमध्ये वाट बदलते, त्यामुळे व्रण, आतड्याचा पीळ आणि जीवनसत्त्वांची कमतरता यांची काळजी जास्त. पुढचं सगळं या एका फरकाशी जोडलेलं आहे.

पहिला महिना : नाडीवर लक्ष ठेवा

सुरुवातीच्या दिवसांतली सगळ्यांत गंभीर गुंतागुंत म्हणजे टाक्यांच्या रेषेतून किंवा जोडातून गळती होणं. ती फार थोड्यांना होते. पण झाली तर एकेक तास महत्त्वाचा असतो. काही वेळा, विशेषतः स्लीव्हमध्ये, माणूस घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही गळती सुरू होते.

लठ्ठ माणसाच्या पोटाला हात लावून आतला बिघाड सहज कळत नाही. पोट मऊ लागतं, दुखणं मोघम असतं. नाडी मात्र लवकर इशारा देते. करोनाच्या काळात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कपाटातून बाहेर काढा. शांत बसलेलं असताना सकाळ-संध्याकाळ नाडीचे ठोके वहीत लिहा. ते सतत १०० च्या वर राहत असतील तर सर्जनला फोन करा. १२० च्या वर गेले, किंवा सोबत ताप, धाप, डाव्या खांद्यात दुखणं, विनाकारण जीव घाबरा होणं असं काही असेल, तर सकाळची वाट पाहू नका. एका पायाला अचानक सूज आली किंवा छातीत दुखून दम लागला, तर ती रक्ताची गाठ असू शकते. तेव्हाही लगेच निघायचं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. जठरात एका वेळी पेलाभर पाणी मावत नाही, म्हणून तहान भागत नाही. माण-खटावच्या उन्हात हे आणखी जड जातं. बाटली सतत जवळ ठेवा आणि दर काही मिनिटांनी घोट घ्या. दिवसभरात दीड ते दोन लिटर व्हायला हवं. लघवी गडद पिवळी होत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पाणी कमी पडतंय. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या जुन्या गोळ्या त्याच मात्रेत चालू असतील तर चक्कर त्यांच्यामुळेही येऊ शकते. त्यांची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या.

उलटी : कधी साधी, कधी गंभीर

सुरुवातीच्या महिन्यांत अधूनमधून उलटी होते. कारण बहुतेकदा खाण्याच्या जुन्या सवयीत असतं. घाईनं खाल्लं, घास मोठा घेतला, जेवताना पाणी प्यायलं, किंवा पोट भरल्याची खूण मिळाल्यावरही ताटातलं टाकवेना म्हणून आणखी दोन घास घेतले. बाजरीची कडक भाकरी, मटणाचा चिवट तुकडा, कोरडा भात, खोबऱ्याचे काप हे अडकणारे पदार्थ. घास बोराएवढा घ्या, तोंडात त्याचा लगदा होईपर्यंत चावा, जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं द्या. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नको. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, “एवढंसंच खाल्लंस?” हा आग्रह आता मायेचा राहिलेला नाही, हे कृपया समजून घ्या.

पण क्रम लक्षात ठेवा. आधी भाकरी उतरेना, मग भात, मग पेज, आणि शेवटी पाणीही टिकेना, असं होत गेलं तर जठराची नळी किंवा जोड आवळत चालला आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे घडू शकतं. त्यावर उपाय आहे. एंडोस्कोपीतून फुगा घालून वाट रुंद करता येते. मात्र ‘सवय होईल हळूहळू’ म्हणत बसलात तर माणूस खंगतो.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची सूचना. बी-१, म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व शरीरात फार साठत नाही. दोन-तीन आठवड्यांत साठा संपतो. उलट्या चालू, खाणं बंद, आणि अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर ते ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं बी-१ ही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, तळपायांना मुंग्या ही त्याची लक्षणं. म्हणून दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखान्यात गेल्यावर स्वतःहून सांगा : “माझी जठराची शस्त्रक्रिया झाली आहे. ग्लुकोज लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्या.” हे इंजेक्शन महागडं नाही, दुर्मीळही नाही. फक्त त्या क्षणी कोणाला तरी आठवायला हवं.

उसाचा रस आणि नंतर सुटणारा घाम

आपला भाग उसाचा. उन्हाळ्यात रसवंतीची घुंगरं वाजू लागली की पाय आपोआप थांबतात. त्यात साताऱ्याचे कंदी पेढे, तासगावचे बेदाणे, गुऱ्हाळावरची ताजी काकवी. आपला पाहुणचारच गोडाचा. बायपास झालेल्या माणसाची मात्र इथे परीक्षा असते.

जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते. ती अन्न थोडं थोडं करून आतड्यात सोडते. बायपासमध्ये ही झडप वाटेवरच राहत नाही. गोड पातळ पदार्थ एकदम आतड्यात कोसळतो आणि रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतो. दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, जुलाब, धडधड, घाम, गरगर, आणि कधी एकदा आडवं होतो असं होतं. याला डम्पिंग म्हणतात. वजनाच्या शस्त्रक्रिया अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अल्सरसाठी जठर कापलेल्या रुग्णांत डॉक्टरांना हा त्रास दिसला होता. स्लीव्हमध्येही तो होऊ शकतो, पण कमी.

दुसऱ्या प्रकारचं डम्पिंग एक ते तीन तासांनी होतं. साखर एकदम रक्तात चढते, शरीर इन्सुलिनचा लोंढा सोडतं, आणि मग रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते. हात कापतात, घाम फुटतो, काही सुचेनासं होतं, कधी शुद्धही हरपते. ट्रॅक्टर किंवा दुचाकी चालवताना असं झालं तर काय, याचा विचार करा. यातही लोक ‘पित्तानं चक्कर आली’ म्हणतात आणि लिंबूसरबत पितात. साखर वर जाते, पुन्हा कोसळते, आणि फेरा चालू राहतो.

हे टाळता येतं :
— गोड पेय पूर्ण बंद. गूळ, काकवी, मध ‘घरचं, नैसर्गिक’ असले तरी आतड्याला ती साखरच.
— जेवताना आधी प्रथिनं (अंडं, पनीर, उसळ, मासे), मग भाजी, शेवटी भाकरी किंवा भात.
— तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी.
— त्रास सुरू झाला तर अर्धा तास आडवे व्हा.
— ग्लुकोमीटर घरात असू द्या. साखर ७० च्या खाली असेल तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, आणि पंधरा मिनिटांनी मूठभर फुटाणे किंवा अंडं खा. केवळ साखरेवर थांबू नका.
— बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. थेट दवाखान्यात न्या.

असं वारंवार होत असेल तर साखर मोजलेल्या नोंदी घेऊन सर्जनला किंवा मधुमेहतज्ज्ञाला भेटा. जुन्या मधुमेहाच्या गोळ्या हेही कारण असू शकतं.

जळजळ, व्रण आणि मिश्री

स्लीव्हनंतर जठर अरुंद नळीसारखं होतं आणि आतला दाब वाढतो. त्यामुळे आम्ल वर घशाकडे येतं. रात्री खोकला, सकाळी तोंड आंबट, छातीत जळजळ. संध्याकाळचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरका. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उचला. आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार घ्या, पण वर्षानुवर्षं दुकानातून आणून घेत राहू नका. स्लीव्ह किंवा मिनी बायपास झालेल्यांनी, त्रास नसला तरी, वर्षभरानं एकदा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एंडोस्कोपी करून घ्यावी, असं तज्ज्ञांचं मत आहे. मिनी बायपासनंतर हिरवट-पिवळं, कडू पाणी तोंडात येत असेल तर ते खरोखरीचं पित्त आहे. तेही अंगावर काढू नका. औषधांनी नाहीच थांबलं तर शस्त्रक्रियेचा प्रकार बदलूनही आराम देता येतो.

बायपासमध्ये जठर आणि आतडं जिथे जोडलेलं असतं, तिथे व्रण होऊ शकतो. छातीच्या हाडाखाली खुपल्यासारखं दुखतं, खाल्ल्यावर वाढतं, कधी डांबरासारखी काळी, चिकट शौचाला होते. या व्रणाला दोन गोष्टी फार कारणीभूत होतात, आणि दोन्ही आपल्या भागात घरोघरी आहेत.

पहिली तंबाखू. विडी-सिगारेटनं व्रण होतो हे पक्कं ठाऊक आहे. पण आपल्याकडे तंबाखू धुरातूनच येते असं नाही. मायाबहिणी सकाळी मिश्री लावतात आणि “मी काही व्यसन करत नाही” असं मनापासून सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. डॉक्टर विचारतील तेव्हा तिचं नाव घ्या, आणि शस्त्रक्रियेआधीच ती सोडा.

दुसरी वेदनाशामक औषधं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन. कंबर धरली, गुडघा दुखला की घेतली जाणारी हीच औषधं. ती इंजेक्शननं घेतली तरी व्रणाचा धोका टळत नाही. पोटदुखीसाठी मारलेली ‘सुई’ पुष्कळदा याच जातीची असते. बायपास झालेल्यांनी ही आयुष्यभर टाळायची. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल चालतं. गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्याही नकोत. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

कळ आली तर : खडे की पीळ?

वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं. पहिल्या वर्षात हे जास्त. उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, तेलकट खाल्ल्यावर उठते. सोनोग्राफीत खडे दिसतात. पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी घेतल्यास खडे होण्याचा धोका घटतो. आपल्याला ती लिहून दिली आहे का, विचारा. डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला तर खडा नळीत अडकला असण्याची शक्यता आहे. बायपास झालेल्यांत तोंडातून नळी घालून हा खडा काढणं अवघड असतं, कारण ती वाटच बदललेली असते. म्हणून अशा वेळी मोठ्या रुग्णालयातच जावं.

दुसरं कारण अधिक फसवं आहे. बायपासमध्ये आतड्याची मांडणी बदलताना आत काही फटी राहतात. शस्त्रक्रियेत त्या शिवल्या तरी पुढे चरबी झडते आणि फटी रुंदावतात. वर्षा-दोन वर्षांनी, वजन छान उतरलं असताना, आतड्याचा एखादा भाग त्या फटीत शिरतो आणि त्याला पीळ पडतो. बेंबीभोवती किंवा डाव्या वरच्या बाजूला अचानक कळ येते, जाते, पुन्हा येते. उलटी होतेच असं नाही. साधा एक्स-रे, रक्ततपासणी कधी कधी पूर्ण ठीक निघते. म्हणून सगळे म्हणतात, “गॅस आहे.” आणि आत आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो.

म्हणून नियम कडक ठेवा. बायपासनंतर कधीही, अगदी दहा वर्षांनीही, तासाभरात न थांबणारी तीव्र कळ आली, तर सीटी स्कॅन आणि पोटाच्या सर्जनचं मत हवं. सीटीमध्येही काही वेळा पीळ दिसत नाही. कळ कायम राहिली तर दुर्बिणीतून आत पाहावं लागतं. गरोदरपणात हा धोका वाढतो, आणि ती कळ ‘बाळाची’ म्हणून दुर्लक्षित होते. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. त्या काळात कोणतं गर्भनिरोधक वापरायचं तेही डॉक्टरांना विचारा, कारण बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत.

शौच, वायू आणि दूध

या तक्रारी जिवावरच्या नसतात, पण रोजचं जगणं त्यांनी अवघड होतं आणि लाजेनं माणूस बोलत नाही. सुरुवातीला बद्धकोष्ठ होतं, कारण खाणं कमी, पाणी कमी, त्यात लोहाची गोळी. आधी पाणी वाढवा, मग भाज्या. इसबगोल घ्यायचा तर भरपूर पाण्यासोबतच. नाहीतर तोच अडकून बसतो. बायपासनंतर काहींना दूध पचेनासं होतं, पोट गुडगुडतं, जुलाब होतात. अशांना ताक आणि दही बहुतेकदा सोसतं. शौच तेलकट, तरंगणारी आणि फार दुर्गंधीची होत असेल तर स्निग्धांश पचत नाही, आणि त्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाया जातात. रात्री कमी दिसायला लागलं तर तीही अ जीवनसत्त्वाची हाक असू शकते. दोन्ही पायांना सूज, केसांची न थांबणारी गळती, सतत जुलाब असं दिसलं तर रक्तातलं अल्ब्युमिन तपासून घ्या.

चुपचाप येणारं कुपोषण

कॅनॉलचं पाणी नव्या चारीनं वळवलं की जुन्या चारीवरचं रान वाळतं, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बायपासमध्ये अन्नाची चारी अशीच वळवलेली असते. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि तोच भाग आता कोरडा. बी-१२ शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो, तोही आटतो. म्हणून गोळ्या वजन उतरेपर्यंतच्या नाहीत, जन्मभराच्या आहेत. बी-१२ ची कमतरता कधी वर्षांनी उघडी पडते. पाय बधिर होतात, विसरायला होतं.

— लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका. दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबू चालेल.
— कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं घ्या. त्याला जठरातलं आम्ल लागत नाही.
— प्रथिनं रोज किमान ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम. कोरेगावचा घेवडा, माणदेशातले हुलगे, मटकी हे आपलंच धन आहे. मऊ शिजवून, सुरुवातीला घोटून खा.
— तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी : हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, साखर. या सातारा, कराड, सांगली, मिरजेत करून अहवाल सर्जनकडे पाठवता येतात.

उपवास, वारी आणि पंगत

ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, तेव्हा घराघरातून कोणी ना कोणी चालतं. चाला, जरूर चाला. पण पहिल्या वर्षात डॉक्टरांना विचारून, आणि पाण्याची बाटली हातात ठेवून. निर्जळी एकादशी, नवरात्रातले नऊ दिवसांचे कडक उपवास, रमजानचे रोजे यांबाबतही आधी डॉक्टरांशी बोला. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्टमय अंश भरपूर, प्रथिनं नगण्य. त्याऐवजी दही, पनीर, दूध सोसत असेल तर दूध. देवाला अशक्त भक्त हवा असतो असं कोणत्याच संतानं सांगितलेलं नाही.

दारूबद्दल स्पष्टच सांगायला हवं. या शस्त्रक्रियेनंतर ती फार लवकर आणि जोरात चढते, आणि व्यसनाचा धोका वाढतो. न घेणं हेच बरं.

खिशातला कागद

एका कागदावर मराठीत आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा :
१. शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, सर्जनचा फोन.
२. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या जातीची वेदनाशामकं देऊ नयेत.
३. उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन.
४. तीव्र कळ असेल तर सीटी स्कॅन व सर्जनचं मत.
५. नाकातून जठरात नळी घालण्याआधी सर्जनशी बोलावं.
६. चालू औषधं.

ताबडतोब निघायची वेळ कोणती? शांत बसून १२० वरची नाडी, ताप आणि पोटदुखी, न थांबणारी कळ, रक्ताची उलटी किंवा काळी शौच, पाणीही न टिकणं, डोळे पिवळे होणं, बोलण्या-चालण्यात गोंधळ. यांपैकी एक जरी असेल तर १०८ ला फोन करा. पुण्याला पोचायचा हट्ट धरू नका. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय काढल्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडला कृष्णा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे. आधी जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोचा, तिथून डॉक्टरांनाच तुमच्या सर्जनशी फोनवर बोलू द्या.

आणि एक काम आजच करा, पोट ठणठणीत असताना. तो कागद घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे जा. त्यांना सांगा, माझ्या पोटाची वाट अशी बदलली आहे. मी कधी रात्री आलो तर हे वाचा. रात्री दोन वाजता दार उघडणारे तेच असतील. त्या वेळी “पित्त झालंय” एवढं म्हणून थांबू नका. कुठे दुखतं, केव्हापासून, खाण्याशी संबंध आहे का, उलटी-शौचाचा रंग कोणता, नाडी किती, ही पाच उत्तरं द्या. पुढचं योग्य पाऊल त्यांतूनच ठरेल.